सौंदर्यलेसर, दग्धत्वचा आणि आपण

नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत गेल्या दीड दशकात सौंदर्योपचार केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली आहे. नांदेडची डॉक्टर लेन असो की लातूरचा औसा रस्ता, ‘लेसर’ हा शब्द मिरवणारी पाटी आता शोधावी लागत नाही. यांपैकी काही केंद्रे रीतसर शिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञांची आहेत, काही ब्यूटी पार्लरचाच वाढीव भाग आहेत, आणि काही आपल्या व्यवसायबंधूंचीही आहेत, हे आपण आपल्यातच मान्य करावयास हवे. नको असलेले केस, वांग, मुरुमांचे खड्डे, गोंदण अशा तक्रारींसाठी तेथे गर्दी असते. लेसर हे उत्तम साधन आहे आणि त्याचा उपयोग झालेले रुग्ण आम्हीही पाहिले आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो भाजून आपल्याकडे येणारा रुग्ण.

या रुग्णांचे चित्र बहुधा एकाच साच्याचे असते. लग्न जमलेली किंवा नुकताच साखरपुडा झालेली तरुणी. नडग्यांवर, दंडांवर अथवा हनुवटीखाली काळपट चौकोनी ठसे, एकापुढे एक मांडल्यासारखे. ठसा हँडपीसच्या टोकाच्या आकाराचा असल्याने निदानास फार विचार लागत नाही. उपचाराच्या वेळी चटका असह्य होता, ‘थोडे सहन करा’ असे सांगण्यात आले. रात्री फोड आले. घरी कोणी हळद, कोणी टूथपेस्ट, कोणी बर्फ लावला. आपल्याकडे येईतो दोन-तीन आठवडे उलटलेले असतात आणि फोडांची जागा डागांनी घेतलेली असते. मुलीची आई एकच प्रश्न विचारते : हळदीच्या दिवसापर्यंत जाईल का? त्याचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे असते, आणि मांडव दारात पडायला आलेला असताना ते देणे सोपे नसते.

जून २०२३ मध्ये मुंबईतील अंधेरी भागात हायड्रा फेशियलनंतर चेहरा भाजल्याची तक्रार एका तरुणीने पोलिसांत दिली आणि त्याची बरीच चर्चा झाली. तो लेसरोपचार नव्हता. तथापि सौंदर्योपचारानंतरचा दाह चार भिंतींबाहेर आला, एवढे त्यातून घडले. आपल्याकडे लग्न तोंडावर असताना पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार? रुग्ण गुपचूप ओळखीच्या वैद्याकडे येतो, किंवा त्याहून आधी औषधाच्या दुकानात जातो. म्हणून हा विषय जितका त्वचारोगतज्ज्ञांचा, तितकाच आपला आहे.

किरण त्वचेत काय करतो

१९६० मध्ये थिओडोर मैमन यांनी पहिला लेसर चालवून दाखविला, आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचा त्वचेवर अभ्यास सुरू केला. परंतु आजच्या सौंदर्यलेसरचा शास्त्रीय पाया १९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश यांनी घातला. त्यांचा सिद्धान्त सोप्या शब्दांत असा : विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश विशिष्ट रंगद्रव्यच अधिक शोषते, तो प्रकाश अत्यल्प काळ दिल्यास ते लक्ष्य तापून नष्ट होते व आजूबाजूचा भाग वाचतो. केस काढताना हे लक्ष्य म्हणजे केसांतील मेलॅनिन.

अडचण येथेच आहे. मेलॅनिन केसात असते तसे बाह्यत्वचेच्या तळाच्या थरातही असते, आणि किरणाला या दोहोंतील भेद कळत नाही. गोऱ्या युरोपीय त्वचेत वरचे मेलॅनिन थोडे, म्हणून किरण बराचसा केसाच्या मुळापर्यंत पोहोचतो. आपल्याकडील त्वचेत तो वाटेतच अडतो आणि तेथेच उष्णता निर्माण करतो. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात पुढे भर पडून सहा प्रकार झाले. आपल्या भागातील बहुसंख्य रुग्ण त्यांतील चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडतात. तरंगलांबी वाढते तसे मेलॅनिनचे शोषण घटते. त्यामुळे ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेसर सावळ्या त्वचेस अधिक धोक्याचा, ८१० च्या आसपासचा डायोड मध्यम, आणि १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग तुलनेने सुरक्षित मानला जातो. ‘आयपीएल’ हा तर लेसरच नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश असतो. पाटीवर मात्र सर्वांस ‘लेसर’ असेच म्हटलेले असते. म्हणून भाजलेल्या रुग्णास ‘कोणते यंत्र होते?’ हा प्रश्न आपण अवश्य विचारावा. उत्तर मिळत नाही, हीदेखील एक माहितीच असते.

सुश्रुतांनी शारीरस्थानात त्वचेचे सात थर सांगितले असून सर्वांत वरच्या अवभासिनीस सर्व वर्ण प्रकट करणारी म्हटले आहे. त्यावरून प्राचीनांस लेसर ठाऊक होता असे सिद्ध करू पाहणाऱ्यांशी आम्ही मुळीच सहमत नाही. अशा लेखनाने आपलेच हसे होते. मात्र ज्या थरावर वर्ण दिसतो त्याच थरावर अग्नीचा पहिला आघात होतो, ही गोष्ट भ्राजक पित्ताचा विचार करणाऱ्या वैद्यास समजावून सांगावी लागू नये.

भाजण्याचे कारण आधीच तयार असते

यंत्राची मात्रा जास्त झाली, हँडपीसचे टोक पुरेसे थंड नव्हते, एकाच जागी दोनदा किरण पडला, ही कारणे आहेतच. परंतु आमच्या मते दाहाचा मोठा वाटा किरण पडण्यापूर्वीच त्वचेत साठलेला असतो, आणि तो ओळखण्याच्या जागी लेसर चालविणाऱ्यापेक्षा वैद्य आणि औषधविक्रेता अधिक वेळा असतात.

पहिली गोष्ट ऊन. रापलेल्या त्वचेत मेलॅनिन वाढलेले असते. हिवाळ्यात जी मात्रा सोसली तीच एप्रिलमध्ये फोड आणते. दुचाकीवरून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचे हात, शेतात राबणाऱ्या स्त्रीची मान, यांचा विचार यंत्राच्या पडद्यावरील ठरावीक आकड्यांत नसतो.

दुसरी, आणि आम्हांस सर्वांत चिंताजनक वाटणारी, गोष्ट म्हणजे गोरेपणाचे मलम. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादे स्टेरॉइड अशा तिहेरी मिश्रणाची मलमे वांगासाठी ठरावीक काळापुरती तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरावयाची असतात. प्रत्यक्षात ती महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे, पावडर-स्नोच्या जागी वापरली जातात. अशा चेहऱ्याची त्वचा पातळ होते, तांबूस दिसते, सूक्ष्म रक्तवाहिन्या वर येतात, आणि साधे ऊनही सोसत नाही. वरून ती उजळ दिसत असल्याने लेसर चालविणारा फसतो. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने १४ स्टेरॉइडांच्या बाह्योपचाराच्या मलमांची सवलत काढून घेतली आणि ती अनुसूची ‘एच’ खाली आली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. हा नियम आपल्या वाचकांतील प्रत्येक औषधविक्रेत्यास माहीत आहे. गल्ल्यावर ‘ते पांढरे-गुलाबी मलम द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक परत पाठविणे किती अवघड असते, तेही आम्ही जाणतो. पण त्या गिऱ्हाइकाने पुढच्या महिन्यात लेसरची तारीख घेतलेली असू शकते.

तिसरी गोष्ट आपल्याच कपाटातील आहे. बाकुचीत सोरालेन असते. श्वित्रासाठी तिचे तेल लावून उन्हात बसविण्याची आपली पद्धत याच गुणावर उभी आहे. सोरालेन मुख्यतः अतिनील किरणांनी उत्तेजित होते, लेसरच्या तांबड्या वा अवरक्त प्रकाशाने नव्हे. तथापि बाकुची चालू असता उन्हाने क्षुब्ध झालेली, काळवंडलेली त्वचा लेसरखाली गेल्यास भाजण्याची शक्यता वाढणारच. बिब्ब्याचेही तसेच. मराठवाड्यात चामखिळीवर, जुनाट डागावर बिब्बा लावण्याची चाल अजून आहे, आणि तो उतला की आठवडेच्या आठवडे त्वचा दुखावलेली राहते. अशा जागी लेसर नको, हे रुग्णास आपणच सांगावयाचे. लेसर केंद्रात ‘बिब्बा लावला होता का?’ असे कोणी विचारणार नाही.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असल्यास लेसर सहा महिने टाळावा, असा जुना दंडक होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींनी केस काढण्याच्या लेसरपुरता तो शिथिल केला. त्वचा सोलणाऱ्या तीव्र लेसरबाबत मात्र सावधगिरी कायम आहे. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे ऊन बाधवितात, तीही विचारावीत. आणखी एक प्रश्न संधिवाताच्या रुग्णास : पूर्वी सुवर्णाची इंजेक्शने घेतली होती काय? अशा रुग्णांत क्यू-स्विच्ड लेसरने तत्काळ निळसर करडे डाग उमटल्याच्या नोंदी आहेत. आपल्या सुवर्णकल्पांविषयीही हा प्रश्न विचारून ठेवणे आम्हांस शहाणपणाचे वाटते.

गोंदणाचे काय, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. चाळिशी-पन्नाशीतील स्त्रीच्या हनुवटीवर गोंदलेला ठिपका आणि त्याच हनुवटीवर उगवलेले राठ केस, हे आपल्याकडे नेहमीचे दृश्य. केसांसाठीचा किरण त्या ठिपक्यावरून गेला तर गोंदणाचे काळे द्रव्यही तापते व तेथे खोल भाजते. ताज्या मेंदीवरूनही लेसर फिरवू नये. केसांसाठी येण्यापूर्वी ती जागा भादरलेली हवी, कारण वर राहिलेले केस त्वचेवरच जळतात. वॅक्सिंग केल्यास मात्र लक्ष्यच उरत नाही, आणि मग ‘परिणाम दिसेना’ म्हणून मात्रा वाढविली जाते.

ग्रीष्म, शरद आणि लग्नसराई

सुश्रुतांनी अग्निकर्म सर्व ऋतूंत करावे, परंतु शरद व ग्रीष्म वगळून, असे सांगितले आहे. आत्ययिक व्याधीत या ऋतूंतही प्रतिकाराची तजवीज करून ते करण्यास मुभा आहे. पित्तप्रकृती, दुर्बल, बालक, वृद्ध, भित्रा आणि अनेक व्रण असलेला रुग्ण यांसही अग्निकर्म वर्ज्य आहे. लेसर हे धातूच्या शलाकेने केलेले अग्निकर्म नव्हे, हे खरे. पण शेवटी त्वचेत उत्पन्न होते ती उष्णताच. आता आपल्याकडील व्यवहार पाहा. लग्नसराई एप्रिल-मेची, पारा चाळिशीपार गेलेला, आणि लेसरची गर्दी त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत. म्हणजे जो ऋतू शास्त्राने वगळला त्याच ऋतूत सत्रे चालू असतात आणि भाजलेली त्वचा घेऊन मुलगी उन्हात पत्रिका वाटत फिरते. नडगीवरील केस ही आत्ययिक अवस्था नव्हे. लग्न वैशाखात असेल तर सत्रे दिवाळीनंतर, थंडी पडताच सुरू करावीत, एवढा सल्ला दिला तरी पुष्कळ दाह टळतील. केस काढण्यास चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक सत्रे लागतात. एका महिन्यात ‘पॅकेज’ पुरे करून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

भाजलेला रुग्ण आल्यावर

लेसरनंतर काही तास, कधी एक-दोन दिवस, केसांच्या मुळांभोवती लाली व हलकी सूज असणे स्वाभाविक आहे. फोड, पांढरी पडलेली त्वचा, न थांबणारी आग, यंत्राच्या आकाराचा ठसा, ही दग्धाची लक्षणे. सुश्रुतोक्त प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध या चार अवस्थांची चौकट येथे उपयोगी पडते : केवळ विवर्णता व जळजळ असलेला प्लुष्ट, फोड, तीव्र दाह, लाली व पाक असलेला आणि उशिरा शमणारा दुर्दग्ध. लेसरचे बहुसंख्य दाह या दोहोंत बसतात.

चिकित्सेत एका ठिकाणी आम्ही ग्रंथापासून दूर जातो, आणि ते स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. प्लुष्टावर सुश्रुतांनी शीत उपचार निषिद्ध मानून अग्नीने शेकण्यास व उष्ण औषध देण्यास सांगितले आहे. शीत जलाने रक्त गोठते, अशी त्यामागील उपपत्ती आहे. आजचा सर्वमान्य अनुभव याच्या उलट आहे. दाह झाल्यापासून तीन तासांच्या आत वीस मिनिटे वाहत्या साध्या गार पाण्याखाली भाग धरल्यास दाहाची खोली व वेदना दोन्ही कमी होतात. भाजलेल्या त्वचेस शेक देणे आज कोणत्याही वैद्याने करू नये. बर्फही लावू नये. त्याने रक्तप्रवाह आकुंचित होऊन इजा वाढते. सुश्रुतांची भीती निदान बर्फापुरती रास्त होती, असे म्हणता येईल.

वीस मिनिटे वाहते पाणी! एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हे वाक्य बोलताना जीभ अडखळते. नळाला पाणी नसेल तर स्वच्छ सुती कापड माठाच्या पाण्यात भिजवून दर एक-दोन मिनिटांनी बदलत राहावे, आणि चेहऱ्यासाठी तेच अधिक सोयीचे. टाकीचे उन्हाने तापलेले पाणी मात्र कामाचे नाही.

शीतोपचार पुरा झाल्यानंतर, फोड नसलेल्या अखंड त्वचेवर शतधौत घृताचा पातळ थर द्यावा. ते ताजे, स्वच्छ हातांनी केलेले व थंड जागी ठेवलेले असावे. कोरफडीचा गर लावावयाचा असल्यास कापाच्या कडेचा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, अन्यथा तोच चुरचुरतो. वंशलोचन, प्लक्ष, चंदन, गैरिक व गुडूची यांचा घृतयुक्त लेप ग्रंथोक्त आहे. फुटलेल्या फोडावर मात्र कोणतेही चूर्ण नको. त्यात जंतुसंसर्गाचा धोका आहे आणि गैरिकाच्या रंगाखाली व्रण दिसत नाही. जात्यादी तेलात तुत्थ असते, म्हणून ताज्या दाहावर, विशेषतः चेहऱ्यावर, आम्ही ते प्रथम योजीत नाही. लहान फोड फोडू नयेत. फुटल्यास न चिकटणारी पट्टी ठेवावी, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

डोळ्यांभोवतीचा, गुह्यभागाचा, सांध्यावरचा दाह, चेहऱ्यावरचे फोड, रुग्णाच्या तळहाताहून मोठा फोडांचा भाग, पांढरी पडून संवेदना गेलेली त्वचा किंवा ताप, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्ण आपल्याकडे ठेवू नये. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था उपलब्ध आहे. भुवई-पापणीच्या कडेस लेसर झाला असून दृष्टी धूसर आहे किंवा प्रकाश सहन होत नाही, अशी तक्रार असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. किरण पापणीतून बुबुळापर्यंत पोहोचू शकतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उमटणारा काळा डाग हा वांग नव्हे, शोथानंतरची विवर्णता होय. तो काही महिन्यांनी बव्हंशी फिकटतो, अट एकच की त्यास ऊन आणि घर्षण यांपासून दूर ठेवावे. सारिवा, मंजिष्ठा, यष्टिमधू यांचा आभ्यंतर वापर आम्ही करतो. पण रुग्णास तारीख देत नाही. पांढरा पडलेला डाग अधिक काळ टिकतो, क्वचित कायमचा. पूर्वी केलॉइड झालेल्यास हा धोका आधीच सांगावयास हवा. आणि ज्या दिवशी डाग दिसतो त्याच दिवशी ‘हाही लेसरनेच काढू’ म्हणणाऱ्याकडे रुग्ण परत जात असेल तर त्यास थोपवावे.

बधिरीकरणाचे मलम, संमती आणि छायाचित्र

औषधविक्रेत्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावयाची आहे. लिडोकेन-प्रिलोकेनचे मलम आधी लावून या, असे काही केंद्रे सांगतात आणि रुग्ण दोन-चार ट्यूब मागतो. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत इशारा प्रसिद्ध केला होता. लेसरपूर्वी पायांना तीव्र मात्रेचे बधिरीकरणाचे मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलेल्या २२ व २५ वर्षांच्या दोन तरुणींना झटके आले, त्या बेशुद्ध झाल्या आणि दगावल्या. मोठ्या क्षेत्रावर जाड थर आणि वर प्लॅस्टिक, या दोन गोष्टी एकत्र आल्या की औषध रक्तात भिनते. शिवाय चटका हाच दाहाचा पहिला इशारा. बधिर त्वचा तो देत नाही. दोन पायांसाठी चार ट्यूब मागणाऱ्यास कशासाठी हे विचारण्यात दुकानदाराचा अर्धा मिनिट जातो.

उपचार कोणाच्या हातून झाला, हा प्रश्न पुढे निकराचा ठरतो. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेसरविषयक दाव्यांच्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने उपचार केलेल्या दाव्यांचे प्रमाण २००८ मधील ३६.३ टक्क्यांवरून २०११ मध्ये ७७.८ टक्के झालेले आढळले. आपल्याकडे १९९५ च्या शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली, आणि २००८ च्या समीरा कोहली निकालाने खरी संमती म्हणजे काय ते सांगितले. यंत्र विकणाऱ्याने दिलेले एका दिवसाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून लेसर चालविणाऱ्या व्यवसायबंधूंनी १९९६ चा पूनम वर्मा निकालही वाचावा. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यात उपचार करणे हीच निष्काळजी, असे त्यात म्हटले आहे. संमतिपत्र मराठीत असावे, त्यात फोड, डाग व कायमचा पांढरेपणा यांचा उल्लेख असावा, आणि ते सत्राच्या दिवशी पलंगावर सही घेण्यासाठी नसून आधी घरी नेऊन वाचण्यासाठी असावे.

भाजलेला रुग्ण प्रथम येईल तेव्हा औषध लावण्यापूर्वी, त्याच्या परवानगीने, जागेचे छायाचित्र घ्यावे; शेजारी मोजपट्टी ठेवावी, तारीख लिहावी. यंत्र, मात्रा, सत्राचा क्रमांक, पावती, मलमांची नावे यांची नोंद केसपेपरवर करावी. चौकोनी ठसा चार-सहा महिन्यांत पुसट होतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगापुढे रुग्ण उभा राहतो तेव्हा दाखविण्यास दुसरे काही उरलेले नसते.